चौऱ्याण्णवच्या वर जाईना

११ नोव्हें., मंगळ.
गल्लीतल्या अकरा घरांनी इंटरनेटचा तीनशे एमबीपीएसचा प्लॅन घेऊन आज बारा दिवस. स्पीड सगळीकडं नव्वद-पंच्याण्णव. संध्या. शेजारचे दळवी सर आले. इंटरनेट कंपनीचा लाइनमन सलीम कामचुकार आहे म्हणाले. सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज देऊन त्याला काढायला लावू. मसुदा मी लिहायचा. का, तर "तुमच्याइतकं यातलं कळणारं हर्सुलात कोण आहे?" लिहून दिला. दीड पान, एक काना चुकीचा नाही.

१२, बुध.
सलीमला बोलावलं. खुलताबादेहून आला. कंपनीची लाइन येते त्या बाहेरच्या डब्याला लॅपटॉप जोडून दाखवला. २९६. "काका, डब्बे तक तो पूरा आरा." मी म्हणालो, तुझं मशीन तपासून घे. लॅपटॉप मिटून निघून गेला.
नंतर घरात, वरच्या खोलीतल्या भिंतीवरच्या पॉइंटवर मोजलं. ९४. पाचदा मोजलं, पाचही वेळा ९४. खराब लाइन अशी एका आकड्यावर अडून बसत नाही. वर-खाली होते.

१३, गुरु.
पॉइंट उघडला. हे वायरिंग माझंच. वायरीत आठ तारा. चार वरच्या खोलीला, चार खालच्या हॉलला. एका वायरीत दोन पॉइंट. कुणी शिकवलेलं नाही, स्वतः डोकं लावून काढलेली युक्ती. शंभरच्या स्पीडपर्यंत चार तारा पुरतात. त्यापुढं आठही लागतात. नवी वायर जिन्यावरून उघडीच वर नेली, आठही तारा जोडून मोजलं. २९१.
बाकी दहा घरांतही हीच युक्ती. भिंतीत, टाइल्सखाली. सगळी माझ्या हातची.
सौ. जिन्यात वायरीला अडखळली. सापडलं का, विचारलं. बघतोय म्हणालो.

१४, शुक्र.
अर्जावर नऊ सह्या. पहिली जागा माझ्यासाठी मोकळी ठेवलीय. रविवारी दहाला सरांच्या ओट्यावर मीटिंग, सलीमलाही बोलावलंय.
सौ.ला सांगून टाकलं. हसली नाही, तेच जास्त लागलं. म्हणाली, "त्याच्या नोकरीवर पाच माणसं जेवतात. तुमच्या नावावर कोण जेवतंय?"
बोलावं तर दहा घरांत तोंड दाखवायची सोय नाही. न बोलावं तर

१५, शनि.
सलीम न बोलावता आला. सकाळी दळवी सरांचा पॉइंट खोलून पाहिला म्हणाला. "चारीच तारां हैं काका. मैं कुछ नै बोला उनको."
चहा दिला. बशीत ओतून प्याला. मग, "कल मीटिंग में आप बोलते क्या मैं बोलूं?"
मी बोलतो म्हणालो.
काय बोलणार, ते त्यानं विचारलं नाही.

१६, रवि.
स. ९:५०. खिडकीतून सरांचा ओटा दिसतो. खुर्च्या मांडल्यात. सलीम उभाच. दोनदा हाक आली, आलो म्हणालो.
अर्जाची कच्ची प्रत माझ्याकडं आहे. तिच्यातलं सलीमचं नाव खोडलं. पट्टी धरून, एकाच रेघेत. त्या जागी माझं लिहिलं.