सातवे मुख्याध्यापक

सेलू,
रविवार, ११ जानेवारी २०२६

चि. संघप्रिया हिस आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक, म्हणजे सेलूला जितकं ठीक असतं तितकं. कापसाच्या गाड्यांनी रस्ता अडवलाय, थंडीत माझे गुडघे कुठल्याच संधीला तयार नाहीत आणि प्राचार्याच्या खुर्चीत चार महिने बसून पाठ धरली आहे. हाताने पत्र लिहिणारी तू माझी शेवटची विद्यार्थिनी. अक्षर मात्र अजून कोंबडीचे पाय.

प्रबंध मागे घेते, एकोणीस तारखेच्या तोंडी परीक्षेला येत नाही, असं लिहिलंस. सिद्धोधन सर वारले ते तुझ्या प्रबंधाच्या परिशिष्टामुळे, त्यातल्या गावांच्या यादीवरून शिक्षणसंस्थेने त्यांना हुडकलं, असा तुझा तर्क.

आधी प्रबंधाबद्दल. चाळीस मुख्याध्यापकांना तू बायबलातली नाथान संदेष्ट्याची गोष्ट सांगितलीस. श्रीमंताने गरिबाची एकुलती मेंढी कापली, असं नाथान दावीद राजाला सांगतो. राजा संतापून शिक्षा फर्मावतो आणि मग त्याला कळतं, गोष्ट आपलीच आहे. मग तू प्रत्येकाला विचारलंस, “तुमच्या अध्यक्षांना त्यांची चूक तुम्ही कशी सांगाल?” आयुष्य संस्कृत टीकाग्रंथांत घालवून मला असा प्रश्न सुचला नाही. एकोणचाळीस जणांचे अध्यक्ष देवमाणूस निघाले. हे बाकी संशोधनच! फक्त सातव्या मुख्याध्यापकाने सांगितलं, की वेचणीच्या दिवसांत मुलं अध्यक्षांच्या शेतात असतात आणि हजेरीपटावर वर्गात असतात.

जुलैत तू भाषा तपासायला पाठवलेली प्रत माझ्या टेबलावर होती. संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब घरी आले होते.

“गुरुजी, ह्यात आपलं कायी हाय का?”

“नावं नाहीत आबासाहेब, नुसते क्रमांक आहेत.”

“मंग नंबरामागचा मानूस तुमच्याबिगर कोन वळखनार? जुन्या पोथ्या कोनी लिव्हल्या ते सांगता म्हनं तुमी.”

अगं, एवढ्यावर मी विरघळलो. निनावी पोथीचा कर्ता शैलीवरून ठरवायचा, हे माझं आयुष्यभराचं काम. सातव्या मुलाखतीत, अध्यक्षांना हे का सांगता येत नाही याची तीन कारणं होती, आणि पुढे “चौथं मी सांगणार नाही, ते तुमाला ठाऊक हाय.” या जिल्ह्यात अशी कारणं एकच माणूस मोजायचा. बुद्धिबळात मला हरवल्यावर दर वेळी मोजायचा. मी पानावर बोट ठेवलं आणि म्हणालो, “हे आपले सिद्धोधन.” कुणी मागितले नसताना पुरावे दिले. शाबासकीची वाट पाहिली.

शाबासकी मिळाली. ऑगस्टमध्ये त्यांची बदली चुडाव्याला झाली. बायपास झालेला माणूस, पहाटेची गाडी, दोन तास जायला, दोन यायला. सप्टेंबरात मी प्रभारी प्राचार्य झालो. दोन्ही आदेशांवर सही एकाच पेनाची. मी पेढे वाटले, त्यांनाही दिला. त्यांनी खाल्ला.

“गोड हाय शास्त्रीबुवा,” म्हणाले. “पर मला वळखलं कोनी आसंल?”

मी म्हणालो, “संघप्रियाने मागे गावांची यादी जोडली आहे ना. त्यावरून असेल.”

तेव्हा तर्क तुझा नाही. तो माझा आहे. त्यांनी तो खरा मानून तुला फोनवर सांगितला असणार, आणि तुला दुखवू नये म्हणून हसतही असणार. मी तीन महिने तो तसाच राहू दिला. अठरा डिसेंबरला ते चुडाव्याच्या फलाटावरच्या बाकावर बसले, ते उठलेच नाहीत. त्यानंतरही राहू दिला. तुझं पत्र आलं नसतं तर अजूनही राहिला असता, हेही लिहून ठेवतो.

प्रबंध मागे घेऊ नकोस. सातवी मुलाखत एका अक्षरानेही कमी करू नकोस. परीक्षकांनी गोपनीयतेचं विचारलं तर हे पत्र त्यांच्यापुढे ठेव. शिक्षणाधिकाऱ्यांना द्यावंसं वाटलं तर त्यांनाही दे. खुर्ची जाईल, पाठ सुधारेल.

सरांच्या पत्नीला, चांगुणाबाईंना, अजून काही ठाऊक नाही. सरांच्या पुण्यानुमोदनाच्या सभेत मी सात मिनिटं बोललो, मैत्रीवर. खाली उतरलो तेव्हा त्या डोळे पुसत म्हणाल्या, “तुमी व्हते म्हणून त्यायला आधार व्हता, सर.” मी हात जोडले.

उद्या सकाळी त्यांच्या घरी जायचं ठरवलं आहे. ठरवणं मला चांगलं जमतं. नवऱ्याचं मरण कुणाच्या हुशारीतून आलं, हे त्या बाईला तिच्याच ओसरीवर बसून सांगायचं आहे. तुला कागदावर सांगणं त्यामानाने सोपं, म्हणून ते आधी केलं. बुधवारपर्यंत चांगुणाबाईंचा तुला फोन आला नाही, तर मी गेलो नाही असं समज. मग तू जा आणि हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखव. माझी कीव येऊन एखादं वाक्य गाळशील, तेवढं करू नकोस.

बन्सीधर विठ्ठलराव जोशी
प्रभारी प्राचार्य
(सही शुद्धीत आणि स्वखुशीने केली आहे.)