कच्चा रंग

बुऱ्हाणपूर, ४ फेब्रुवारी १९४१

अनंता,

तुझ्या नावाआधी चिरंजीव लिहायची सवय होती. आता ते लिहवत नाही.

तुझी अकरा चित्रं गावच्या नव्या संग्रहालयाने घेतली. मांजरपाटावर गोंदात कालवलेले ते रंगांचे पट्टे बघून तिथले सुधाकरराव म्हणाले, "बाई, हे रंगाऱ्याचे नमुने ना? कारागिरीच्या दालनात शोभतील." हेच शब्द मी चार पाहुण्यांदेखत हसून तुला ऐकवले होते. दुसऱ्या दिवशी तापीच्या राजघाटावर नुसत्या तुझ्या चपला सापडल्या.

तरी मी "हो" म्हटलं. चित्रं आहेत म्हटलं असतं तर त्यांनी घेतली नसती, आणि घरात ती मला बघवत नव्हती. कोणी केली असं विचारलं, तेव्हा ठाऊक नाही म्हणाले.

काल बघायला गेले. आपल्या गावची खोड तुला माहीत आहे. कापड दिसलं की थुंकीने अंगठा ओला करायचा आणि रंग जातो का ते घासून बघायचं. येणारा प्रत्येक जण तेच करत होता आणि "कच्चा रंग आहे" म्हणून हसत पुढे जात होता. ज्या निळ्या चित्राला तू "ही आमची अक्का" म्हणायचास, त्याचा कोपरा पार पांढरा पडलाय.

पहारेकरी मला म्हणाला, "बघा ना बाई, तुम्ही पण घासून बघा."

नाही म्हटलं असतं, तर का ते सांगावं लागलं असतं. मी अंगठा ओला केला.

तो अजून धुतलेला नाही.

तुझी,
अक्का