सलग चार तास

७ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

निवृत्त झाल्यापासून तू घरातली वर्तमानपत्रं तारीखवार लावतोस आणि वहिनीलाही ते शास्त्र शिकवतोस, असं तिने कळवलं. बिचारीची कीव येते. तिच्यावरचं संकट थोडं माझ्याकडे वळवते, कारण मला खरंच तुझ्या शहाणपणाची गरज आहे.

आमच्या उबवणी केंद्राचे हाल चालले आहेत. तुला ठाऊक आहे, यंत्रात एका वेळी तीन हजार अंडी बसतात आणि एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर येतात. तोवर वीज खंडता कामा नये. पहिल्या आठवड्यात गेली तर अंडी गारठतात. शेवटच्या आठवड्यात उलटंच होतं; पंखा बंद पडला की पिल्लं स्वतःच्याच उष्णतेने आतल्या आत गुदमरतात. गेले तीन महिने दिवसाआड पाच-सहा तास वीज जाते आहे. इन्व्हर्टरवर पंखा जेमतेम तासभर फिरतो, आणि जनित्र चालवायचं म्हटलं तर पिल्लं विकून डिझेलच भरत बसावं लागेल. मागच्या खेपेला निम्मी अंडी वाया गेली. ह्यांनी परवा ट्रे धुता धुता सांगितलं की आणखी एक खेप अशी गेली तर यंत्र विकून टाकायचं. अठरा वर्षांत ते असं कधी बोलले नव्हते.

वीज कंपनीच्या कचेरीत गेले होते. ट्रान्सफॉर्मरवर भार जास्त झाला आहे, नवा मागवला आहे, वाट पाहा, असं तिथल्या साहेबांनी सांगितलं. किती वाट पाहायची असं विचारलं, तर चहा घेणार का म्हणाले.

तू आयोगात बसून वीस वर्षं विजेचे नियम लिहिलेस. त्यांतला एखादा बहिणीच्या उपयोगाचा असेल तर कळव. वहिनीला नमस्कार. माझ्यावरचा राग-लोभ जसा आहे तसाच ठेव.

तुझी,
बारकी

१४ फेब्रुवारी

चि. बारकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून वाईट वाटले आणि, खोटे कशाला बोलू, अंगात हुरूपही आला. तुझी वहिनी म्हणते की नोकरी सुटल्यापासून माझ्या चेहऱ्यावर एवढा उजेड तिने पाहिला नव्हता. आता नीट बसून वाच, कारण मी सावकाश समजावणार आहे.

किराणा वाईट मिळाला तर आपण दुकान बदलतो. विजेच्या बाबतीत तशी सोय नाही. दारात येणारी तार एकच आणि तिचा मालकही एकच. ग्राहक निघून जाईल ही भीती ज्याला नाही, त्याला दुसरी कसली तरी भीती घालावी लागते. म्हणून आयोगाने सेवेची मानके ठरवली. सलग चार तासांहून अधिक काळ पुरवठा बंद राहिला, तर त्यापुढील प्रत्येक तासासाठी कंपनीने प्रत्येक बाधित ग्राहकाला भरपाई द्यायची. एका घराला मिळणारी रक्कम पाहून तू हसशील. परंतु तुमच्या रोहित्रावर, म्हणजे तुझ्या त्या ट्रान्सफॉर्मरवर, नव्वद जोडण्या आहेत. दिवसाआड एवढ्या सगळ्यांना भरपाई द्यावी लागली, तर वर्षाच्या आत ती बेरीज नव्या रोहित्राच्या किमतीला मागे टाकते. मग कंपनीला तुझी दया यायची गरज उरत नाही. तिला फक्त बेरीज यावी लागते! या योजनेतील हे सौंदर्य मला आजही सुखावते.

तुझे काम सोपे आहे. वीज जाताच वेळ लिहून ठेव. लगेच तक्रार नोंदव आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नकोस. वीज येताच पुन्हा वेळ लिही. शेजाऱ्यांच्या सह्या घे. अर्जाचा मसुदा सोबत जोडला आहे. नवे रोहित्र बसेपर्यंत यंत्र विकायचे नाही, असे जावईबापूंना माझ्या वतीने सांग.

आशीर्वादांत उणे पडू देणार नाही.

तुझा,
दादा

२१ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

नव्वदपैकी एक्याऐंशी सह्या झाल्या. कोपऱ्यावरच्या शिवणकामवाल्या काकूंनी सही केल्यावर बिल वाढणार नाही ना, असं मला तीनदा विचारलं आणि मग माझंच पेन घेऊन गेल्या. पहिल्या पंधरवड्यात सहा वेळा वीज चार तासांवर गेली. सहाही नोंदी पक्क्या आहेत. अर्ज दिला तेव्हा साहेबांनी चहाचं विचारलं नाही, त्यावरूनच ओळखलं की औषध लागू पडतंय.

आणि आता खरी बातमी. गेल्या आठवड्यापासून वीज गेली की साडेतीन तासांनी परत येते! दहा मिनिटं राहते आणि पुन्हा साडेतीन तास जाते. अगदी शिस्तीत. उंबऱ्यात उभ्याउभ्या बोलून निघून जाणाऱ्या व्याह्यांसारखी. ह्यांचं म्हणणं, मेहुण्यांच्या कागदाला घाबरले. यंत्राला मात्र त्याचा फायदा नाही. तापायलाच अर्धा तास लागतो, दहा मिनिटांत काच नुसती कोमट होते. ट्रेवर घोंगड्या टाकून आम्ही भागवतो आहोत.

नव्या खेपेचा आज नववा दिवस. अंड्यामागे विजेरी धरून पाहिली. बऱ्याच अंड्यांत लाल शिरांची जाळी दिसते आहे. म्हणजे अजून तरी जगली आहेत. ही खेप निघाली तर हे विकण्याचं नाव काढणार नाहीत. सुधारणा अशीच टप्प्याटप्प्याने होते का, ते कळव. उत्तराला उशीर केलास तर वहिनीकडे चुगली करीन.

बारकी

२७ मार्च

चि. बारकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र तीनदा वाचले. ही सुधारणा नव्हे. ते काय आहे हे सांगणे मला जड जाते, तरीही क्रमानेच सांगतो.

नियमांतील अकरावे कलम असे: पुरवठा पूर्ववत होताच कालगणना नव्याने सुरू होईल. त्या काळी कंपन्या मिनिटा-मिनिटांवरून वाद घालत, म्हणून हिशोब स्वच्छ राहावा, सामान्य माणसालाही घड्याळ पाहून तो करता यावा, हा हेतू होता. तुमच्याकडे वीज साडेतीन तासांनी दहा मिनिटे येते ती याच कलमासाठी. सलग चार तास कधी भरतच नाहीत. दिवसभर अंधार असला तरी कागदावर भरपाईयोग्य असे काहीच घडत नाही.

पूर्ववत म्हणजे किती वेळ, हे त्या कलमात लिहिलेले नाही. दहा मिनिटांची वीज कोणाच्या काय कामाची, असे मनात येऊन मी तो प्रश्न सोडून दिला होता. होय, बारकी, ते कलम मीच लिहिले. वरिष्ठांनी त्याची वाक्यरचना इतरांना नमुना म्हणून दाखवली होती.

तुझा अर्ज आता वीज ग्राहकांच्या तक्रार मंचापुढे जाईल; त्या सुनावणीला मी स्वतः येतो. त्या वाक्याचा अर्थ माझ्याइतका कोणाला ठाऊक असणार?

तुझा,
दादा

१८ एप्रिल

सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

दादा घरी पोचला असेल. सुनावणीत काय झालं ते तो धड सांगणार नाही, म्हणून तुलाच लिहिते.

खोली लहान होती. समोर तीन सदस्य आणि भिंतीला टेकून आमची सहा-सात घरं. कंपनीच्या साहेबांनी अकरावं कलम वाचून दाखवलं आणि खाली बसले, त्यांना आणखी काही बोलावंच लागलं नाही. दादा उठला. शाळेत फळ्यापुढे उभा राहावा तसा, न चिडता, वीस मिनिटं बोलला. हे वाक्य माझं आहे, ते ग्राहकाच्या सोयीसाठी होतं आणि असा वापर म्हणजे त्याची थट्टा आहे, असं त्याने पायरीपायरीने मांडलं. अध्यक्षांनी त्याच्यासाठी पाणी मागवलं. दादाने नियमांवर लिहिलेल्या पुस्तकावरूनच आपण हे काम शिकलो, असंही ते म्हणाले. मग म्हणाले की छापलं आहे तेवढंच वाचायचं, लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते वाचायचं नाही, हा धडाही त्याच पुस्तकातला आहे. दादाने मान हलवली. त्याला ते पटलं, वहिनी, आणि तेच मला बघवेना.

पहिल्या सहा वेळांची भरपाई मंजूर झाली. पुढचं सगळं फेटाळलं. नव्या ट्रान्सफॉर्मरबद्दल आदेश देण्याचा अधिकार मंचाला नाही.

ती खेपही गेली. तीन हजारांत दोनशे बारा पिल्लं निघाली. उरलेली अंडी फोडून पाहिली तर पिल्लं पूर्ण वाढलेली, पिसांसकट. ह्यांनी कोणाला हात लावू दिला नाही, एकट्यानेच खड्डा भरला. यंत्राला गिऱ्हाईक आलं आहे. दादाला जेवायला घाल आणि त्याच्याशी विजेखेरीज काहीही बोल. तू आहेस म्हणून मला त्याची काळजी कमी वाटते.

बारकी

२ मे

चि. बारकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

वहिनीने मला आठ दिवस विजेवर बोलू दिले नाही. ही तुझी शिकवण, हे मी ओळखले.

अकराव्या कलमाच्या दुरुस्तीचा मसुदा तयार आहे. पुरवठा सलग दोन तास टिकला तरच तो पूर्ववत मानावा, एवढेच त्याचे सार; कारणमीमांसा अकरा पानांची झाली. तुझ्या नोंदी त्यात तक्त्यांसह घेतल्या आहेत. इतका स्पष्ट पुरावा मी नोकरीत असताना पाहिला नव्हता. मात्र अशी याचिका ज्याची तक्रार आजही चालू आहे अशा ग्राहकाच्याच नावे करावी लागते, आणि निर्णयाला वर्ष-दीड वर्ष लागते. सह्यावाल्या शेजाऱ्यांना पत्रे पाठवली, कोणी उत्तर दिले नाही. म्हणून विनंती करतो की यंत्र इतक्यात देऊ नकोस, तुझी तक्रार चालू राहू दे. विनंती हा शब्द मी तुला पहिल्यांदाच लिहितो आहे.

तुझा,
दादा

३० मे

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी यंत्र गेलं. दारातून निघेना, म्हणून चौकट काढावी लागली. ह्यांनी ती दुसऱ्या दिवशी परत बसवली.

त्यानंतर आजपर्यंत वीज एकदाही गेलेली नाही. वायरमन मुद्दाम सांगायला आला. आमच्या यंत्राचे तीन हीटर बंद झाले आणि जुन्या ट्रान्सफॉर्मरला उरलेला भार पेलू लागला. नव्याची मागणी साहेबांनी रद्द केली. वायरमनला हे सांगताना ओशाळल्यासारखं झालं होतं, मीच त्याला बसायला सांगितलं. गल्लीतले लोक खुश आहेत. शिवणकामवाल्या काकूंनी दुसरं मशीन घेतलं. सह्या घेतल्या म्हणून हे झालं, असं समजून त्या माझे आभार मानून गेल्या. ह्यांना एका पिठाच्या गिरणीत काम मिळालं आहे, सकाळी सातला जातात.

काल कंपनीचा माणूस तक्रार बंद करण्याचा कागद घेऊन आला होता. त्यावर एकच प्रश्न होता, पुरवठा आता समाधानकारक आहे का. तुझी अकरा पानं डोळ्यांपुढे होती, दादा. माणूस दारात उभा, आत पंखा फिरतो आहे, ओट्यावरचा दिवा चालू आहे. खोटं कसं लिहिणार? मी होय लिहिलं आणि सही केली.

माया असू दे.

तुझी,
बारकी