दत्ताला पुस्तकवाला दिला नाही

७ सप्टेंबर, रविवार

दत्ता आज पहिल्यांदा खेळायला आला. आपल्याच दुकानामागच्या खोलीत, खताच्या गोण्यांवर बसून. पश्या मेडिकल बंद करून आला, माझी बहीण सोनाली शाळेच्या वह्या तपासून. पुण्यात हॉस्टेलवर शिकलेला, एकेक गडी होऊन गोष्ट रंगवायचा हा फाशांचा खेळ मी तलवाड्यात आणला याची मला लई घमेंड. तीच नडली.

जादूवाला गडी घ्यायचा तर आधी ठरवावं लागतं, त्याला पहिले मंत्र आले कुठून. मी माझ्या मराठीत समजावलं. पुस्तकवाला गुरूकडं शिकून येतो, पुस्तकात सहा मंत्र घेऊनच खेळ सुरू करतो. पुजाऱ्याला देव देतो, रोज सकाळी मागून घ्यायचे. जन्मजात असतो त्याच्या रक्तातच असतात. आणि करारवाला एका मोठ्या शक्तीकडनं ताकद आधी घेतो, मग तिचं काम करत राहतो.

सोनालीनं पुजारी घेतला, पश्यानं जन्मजात. दत्ता म्हणाला, "अव्या, मला पुस्तकवाला दे."

मोकळाच होता. द्यायचा की नाही? तर मी म्हणालो, "ते किचकट पडंल तुला. रोज ठरवावं लागतं कोणते मंत्र तयार ठेवायचे. तू करारवाला घे, दोनच मंत्र. तुला काय सांगायचं, मुकादमाची उचलच की!"

पश्या गोणीवरनं पडायचा राहिला, एवढा हसला. दत्ताही हसला. "हां, ते जमंल मला."

दरवर्षी मुकादमाकडनं आगाऊ पैसे उचलून, दिवाळी झाली की बायकोपोरं घेऊन ऊस तोडायला जाणारा माणूस तो. त्याच्या तोंडावर. आणि वर मला वाटलं काय भारी उदाहरण सुचलं.

८ सप्टेंबर

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, दिवसभर तेच डोक्यात. किचकट कसलं डोंबलाचं. मी पुण्यात पहिल्यांदा खेळायला बसलो तेव्हा माझं इंग्रजी यथातथाच होतं. तिथल्या सीनियर ताईनं मला पुस्तकवालाच दिला आणि सहाच्या सहा मंत्र वाचून समजावून सांगितले. माझ्याकडं बघून सोपा गडी काढून दिला नाही.

सातवीपर्यंत दत्ता आणि मी एका बाकावर. दिवाळीनंतर त्याची जागा रिकामी, उन्हाळ्यात परत यायचा, तोवर आमची पुस्तकं संपत आलेली. गणितात तरी माझ्या पुढं असायचा. आठवीला आलाच नाही.

भेटला की सॉरी म्हणायचं.

१४ सप्टेंबर, रविवार

सॉरी म्हणालो नाही. उलट...

सलग लिहितो, नाहीतर उद्या स्वतःलाच काहीतरी वेगळं सांगत बसेन.

दत्ता आला, चांगला खेळत होता. खेळातल्या डाकूंना त्यानं असं बोलण्यात गुंतवलं की पश्याला फासा टाकायची वेळच आली नाही. मग त्याच्या शक्तीनं त्याला बोलावलं. शक्ती म्हणजे मी, कारण खेळ चालवणाऱ्यालाच सगळे आवाज काढावे लागतात. मी मुकादमाचा काढला. "काय बे दत्ता, फोन कावून उचलत न्हाईस?" पश्या खूश. मग मला चेवच चढला.

दत्तानं फासा हातात धरून ठेवला. म्हणाला, "मालक, या खेपंला पोरगी मागं ठिवू का?"

मला वाटलं काय रंगात आलाय गडी! मी त्याच आवाजात, "पोरगी मागं ठिवली तर भाकरी कोण थापंल? बारकं कोण सांभाळंल? चल बे, गाडीत घाल तिला!"

पश्या हसला. सोनाली नाही.

"बराबर हाय," दत्ता म्हणाला. फासा हळूच खाली ठेवला, टाकला नाही. म्हशीचं काहीतरी निमित्त सांगून उठला. त्याच्याकडं म्हैस नाही.

१५ सप्टेंबर

सोनाली सकाळी चहाच्या आधीच खोलीत आली. दार लावून घेतलं.

"अक्कल गहाण ठेवलीस का तू?"

दत्ताची गौरी तिच्या वर्गात आहे, सहावीत. हुशार आहे, पण दरवर्षी अर्धं वर्ष उसाच्या फडात, बारक्या भावाला कडेवर घेऊन. यंदा तिला गावातच ठेवायची असं दत्ता आणि सुनीता वहिनींनी ठरवलं होतं. ठेवायची कुठं, तर आमच्या घरी. सोनालीनंच सुचवलेलं. "म्हणलं, अविनाश तुझा जुना दोस्त, त्याला विचार. रविवारी विचारतो म्हणाला होता."

म्हणजे ते खेळातलं नव्हतंच.

"सरळ विचारायची लाज वाटली असंल त्याला," सोनाली म्हणाली. "म्हणून खेळात विचारलं. आणि तू मुकादम होऊन नाही म्हणालास."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहा तसाच राहिला.

१७ सप्टेंबर

गेलो नाही. दुकान, पाऊस, कापूस भिजला म्हणून लोकांची रडारड. कारणं लई आहेत माझ्याकडं.

नियमांचं पान मोबाईलवर पुन्हा काढलं. पुस्तकवाला सहा मंत्र घेऊन सुरू होतो, एवढंच लिहिलंय. ते शिकताना तो कुणाकडं राहिला, त्याला जेवायला कोण घालत होतं, ते कुणी लिहीत नाही. कुणीतरी घरात ठेवून घेतलं असणारच की त्याला. इतक्यांदा खेळलो, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

२१ सप्टेंबर, रविवार

दत्ता आला नाही.

पश्या म्हणाला, "उचलवाला कुठं गेला आज?"

आणि मी हसलो! सवयीनं. ऐकून झालं, हसून झालं, मग कळलं. सोनाली फासे पिशवीत भरून घरी निघून गेली. शाबास, अविनाशराव.

२८ सप्टेंबर, रविवार

शेवटी गेलतो.

दत्ता दारात बसून दोर वळत होता. सुनीता वहिनींनी पाणी दिलं आणि न बोलता आत गेल्या, म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. मी सॉरी म्हणालो. तो म्हणाला, "कशाचं बे? खेळ हाय तो." म्हणून मी आणखी घाईनं सुटलो. "गौरीला आमच्याकडं ठेव. सोनालीच्या खोलीत राहील, सोनाली अभ्यास घेईल."

"काकू काय म्हनल्या?"

आईला विचारलंच नव्हतं. दोन आठवडे तोंड लपवत फिरलो, पण घरातल्या घरात आईला विचारायचं सुचलं नाही. तसं सांगितलं. दत्तानं नुसती मान हलवली, त्याला नवल वाटलं नाही. त्याचंच जास्त लागलं.

दोराला पीळ देत म्हणाला, "उचल घेतो आमी, ती ऊस तोडून फिटती. हे कशानं फेडू मी?"

"फेडायचं काय त्यात? दोस्त आहे मी तुझा."

"त्या दिशी बी व्हतास."

घरी येताना फाट्यावर कुणीतरी हाक मारली. बघितलं नाही.

५ ऑक्टोबर

आईला विचारलं. आई भाजी निवडत होती. "राहू दे की. मलाबी हाताशी होईल कुणीतरी."

मी म्हणालो, "हाताशी नाही. शिकायला राहणार ती."

"मग? मी काय तिला शाळंत जाऊ देनार न्हाई का? घरात राहायचं म्हनल्यावर पोरीच्या जातीनं हलवावेत थोडे हातपाय. सोनाली करती की."

सोनाली घरचं काय करते ते मला माहीत आहे, काहीही नाही. पण ते बोललो असतो तर भलतंच भांडण लागलं असतं. आई वाईट नाही. गौरीला पोटभर खायला घालेल, आजारी पडली तर रात्रभर उशाशी बसेल. आणि भांडीही घासून घेईल, आणि यात काही चुकतंय असं तिला वाटणारच नाही. मुकादमाचा आवाज मी शिकलो कुठं, हा प्रश्न डोक्यात आला. तो तिथंच ठेवला.

दत्ताला फोन केला. "आई हो म्हणाली." पुढचं सांगितलं नाही.

"बघतो," म्हणाला.

१२ ऑक्टोबर, रविवार

दत्ता आला, गौरीला घेऊन. खेळायला नाही, घर दाखवायला. गौरी बारीक, दोन वेण्या, डोळे सगळीकडं. माझ्या खोलीत फासे दिसले तसं विचारलं, "हे कशाचं?" मी सांगायला लागलो. पुस्तकवाला, पुजारी, जन्मजात. करारवाल्याशी आलो आणि अडखळलो.

दत्तानंच पुरं केलं. "आन् एक आसतो, आधी घेतो, मंग राबतो. तो मी हाय." मुलीसमोर, साध्या आवाजात.

मला तोंड लपवायलाही जागा राहिली नाही. गौरीनं विचारलं, "पुस्तकवाल्याला बी राबावं लागतं का?" सोनालीनं तिला पोहे खायला आत नेलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

आज त्यांचा ट्रॅक्टर गेला. कर्नाटकातला कारखाना, म्हणे.

सकाळी दत्ता गौरीला घेऊन आला. एक पिशवी कपड्यांची, दप्तर वेगळं. सुनीता वहिनी आल्या नाहीत, बारक्याला घेऊन ट्रॉलीतच बसून होत्या. दत्ता मला म्हणाला, "म्हैनाभर बघतो. पोरीला फोनवर इचारीन. ती ये म्हनली की न्ह्यायला येनार." मग आईच्या पाया पडला. आई म्हणाली, "काळजी नगं करू, घरच्यासारखी राहील." ट्रॅक्टरचा हॉर्न वाजत होता, तो पळतच गेला.

गौरी रडली नाही. दप्तर सोनालीच्या खोलीत ठेवलं, चप्पल कोपऱ्यात लावली आणि बाहेर येऊन म्हणाली, "आज्जी, खराटा कुठं हाय?"

मी 'राहू दे' म्हणायला तोंड उघडलं. आईनं वर न बघता बोटानं दाखवला.

आता अंगणातनं झाडल्याचा आवाज येतोय. सोनाली आंघोळीला गेलीय. मी खोलीत बसून हे लिहितोय, आणि अंगण मोठं आहे आमचं.