वाघजिभीची अकरा झाडं

२७ ऑगस्ट २०२४

तंबाखूच्या बियाच्या तीन बाटल्या गेल्या. ओल्या फडक्यावर दहा दिवस ठेवून पाहिलं. कागदी, मोरपानी, काळी चिकणी – एकही दाणा फुटला नाही. फडक्याला वास यायला लागला तरी मी पाणी शिंपडत होतो.

चौथी बाटली वाघजिभीची. तिच्या बियाला कोंबाचे पांढरे ठिपके दिसतात. चष्मा पुसून परत पाहिले. आहेत.

चूक माझीच. मागची दोन वर्षं खुब्याच्या दुखण्यात गेली, पेरलं नाही. लीलाबाई असती तर तिनं परसात का होईना, चार झाडं लावली असती. बायको जाऊन तीन वर्षं झाली.

२८ ऑगस्ट

हे मी बियाण्याच्या पेढीच्याच रजिस्टरात लिहितो. सुरुवातीची चाळीस पानं भरलेली आहेत, बाकी कोरी. कागद वाया कशाला घालवायचा?

त्या पानांवर गावातल्यांची नावं आहेत. बावीस घरं होती. तंबाखूचं बी धुळीसारखं बारीक, म्हणून माप काडेपेटीचं. एक काडेपेटी न्यायची, पीक निघालं की दोन आणून द्यायच्या. वाढीव बी पेढीत राहायचं, ज्याचं बुडालं त्याला मिळायचं. पैशाचा संबंध नव्हता. नेताना सही, नाहीतर अंगठा. किसनरावची सही कोंबडीच्या पायासारखी. शकुनचे अंगठे मात्र स्वच्छ, रेघ न् रेघ दिसते.

शेवटची नोंद सहा वर्षांपूर्वीची आहे. त्यानंतर न्यायला कोणी आलं नाही, द्यायलाही नाही.

३ सप्टेंबर

काल पोळा. तोरणाखाली सगळे जमले होते म्हणून विषय काढला. म्हटलं, पेढी परत उभी करू, प्रत्येकानं थोडा हातभार लावा. बाटल्या, कपाट, एक बाई ठेवायची देखरेखीला.

किसनराव सगळ्यांच्या देखत म्हणाला, “नत्थूभाऊ, तुह्या बँकेले कुलूप काहून लावतं? चोर बी आता गुटखा खाते.”

हसले सगळे. मीही हसलो. घरी येऊन कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

१३ सप्टेंबर

वाफा केला. चिमूटभर बी, ओंजळभर चाळलेली राख – नाहीतर सगळं एकाच जागी पडतं. वर कडबा पसरला. पाऊस जोरात आला तर वाहून जाईल. नाही आला तर मुंग्या नेतील. गोणपाट आणलं, टाकलं, परत काढलं. दिवसभर हेच.

२४ सप्टेंबर

अमरावतीला जाऊन आलो. देशी बियाणं जपणारी संस्था आहे, तिथल्या पौर्णिमाबाईंना भेटलो. माझ्या लेकीच्या, आरतीच्या वयाच्या असतील. चहा दिला, रजिस्टर पाहिलं. ही मागची पानं कोणी वाचू नयेत म्हणून सुतळीनं बांधून नेली होती.

म्हणाल्या, “काका, ज्वारीचं असतं, तुरीचं असतं, तर मी आजच कागद केले असते. तंबाखू म्हटलं की मदत देणारे पुढचं वाचत नाहीत.”

मी सांगितलं, तिचा काढा करून पिकावर फवारला की मावा मरतो. त्यांनी ते लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून विचारलं, “पण तुम्हाला का जपायचंय?”

मी तंबाखू खात नाही. कधीच खाल्ली नाही. हे सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही. त्यांना म्हटलं, जुनी जात आहे, जाऊ नये. त्यांनी मान हलवली.

खरं उत्तर बसमध्ये सुचलं. बी न्यायला लोक आमच्या घरी यायचे. ओट्यावर बसायचे. लीलाबाई चहा ठेवायची, एखादा दुपारपर्यंत हलायचा नाही. बी संपलं की यायचं कारणच संपलं. पण हे ऑफिसात कसं सांगायचं?

ठरलं ते असं – मार्चअखेर वाघजिभीचं ताजं, निर्भेळ बी एक काडेपेटीभर द्यायचं. त्यातलं अर्धं अकोल्याच्या बियाणं साठवायच्या थंड खोलीत ठेवतील. ते जिवंत निघालं तर पेढीला तीन वर्षं मदत. नाही दिलं तर फाईल बंद.

१९ ऑक्टोबर

रोपं लावली. चौदा. खुबा वाकू देत नाही, म्हणून शकुनला बोलावलं. तिचा वांग्या-मिरच्यांचा तुकडा माझ्या बांधाला लागून आहे. तिचा माणूस होता तेव्हा दोघं पाच एकर तंबाखू करायची. लीलाबाईची मैत्रीण. आता माझ्या रानात येणारं माणूस तेवढंच.

“चौदा झाडाईची शेती,” म्हणाली. “पाटलाले लाजवता भाऊजी.”

तिच्या हातचं रोप मान टाकत नाही. माझं टाकतं.

२ नोव्हेंबर

आरतीचा बडनेऱ्याहून फोन. “बाबा, इकडे या. इथं डॉक्टर आहे, माणसं आहेत. लोक तंबाखू सुटावी म्हणून गोळ्या घेतात, अन् तुम्ही तिचं बी काय जपता?” मी म्हटलं, मार्चनंतर बघू. ती म्हणाली, “मागच्या वर्षी संक्रांतीनंतर म्हटलं होतं.”

दिवाळीला तिनं मिक्सर पाठवला आहे. एकट्या माणसाला काय वाटायचं असतं?

९ डिसेंबर

तीन झाडं मेली. एक मूळकुजीनं, दोन रानडुकरानं. राहिली अकरा. पानं हातभर झाली आहेत. पाठीवरून बोट फिरवलं की खरखर लागते – म्हणूनच वाघजिभी.

अकरा म्हणजे फार कमी. पण आहेत.

६ जानेवारी २०२५

कळ्या आल्या. झाडाची उंची माझ्या छातीपर्यंत.

किसनरावनं खाण्यापुरती दोन ओळी दुकानच्या बियाची तंबाखू लावली आहे. मधमाशी तिकडची इकडे आली तर माझं बी निर्भेळ राहणार नाही. म्हणून फुलाला पिशवी बांधायची. लीलाबाईच्या जुन्या पांढऱ्या पातळाच्या अकरा पिशव्या शिवल्या. सकाळी थोडा वेळ सोडायच्या, आतलं दव सुकलं पाहिजे, नाहीतर बुरशी धरते. मग परत बांधायच्या.

शकुनला बजावलं, शेंडा खुडायचा नाही. पानासाठी लावलेल्या झाडाला कळी दिसली की आपण शेंडा मोडतो, म्हणजे जोर पानात उतरतो. पन्नास वर्षं हेच केलं. यंदा कळीच पाहिजे. थोड्या वेळानं परत सांगितलं. निघतानाही सांगितलं.

“भाऊजी,” ती म्हणाली, “मले सांगून राहिले का सोताले?”

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घेऊन शकुन आली. दुसरं कोणी आलं नाही. मी आणलेला हलवा डब्यात तसाच आहे.

१९ जानेवारी

उद्या अकोल्याला बैठक. गावोगावचे बी जपणारे येणार, प्रत्येकानं पाच मिनिटं बोलायचं. पौर्णिमाबाई म्हणाल्या, तंबाखूला तुम्हालाच उभं राहावं लागेल. माझं शिक्षण सातवी. सभेत कधी बोललो नाही. कागदावर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.

शकुनला सांगितलं, सकाळी मी पिशव्या सोडून जाईन, ऊन आलं की तू बांध.

२० जानेवारी

बडनेऱ्याच्या स्टेशनवर बसलो आहे. अकोल्याची गाडी उशिरा आहे.

उजाडताच रानात गेलो होतो. पिशव्या सोडल्या. झाडांमधून फिरत फिरत सगळं भाषण म्हणून काढलं – एकदा पुरतं, न अडखळता. तेव्हा कुठं जीव थाऱ्यावर आला. बस चुकेल म्हणून तसाच निघालो.

शकुननं बांधून दिलेला तिळाचा लाडू वाटेत खाल्ला. बोटं चिकट झाली आहेत. नळाला पाणी नाही. पान उलटताना अंगठ्याला चिकटतं.

२१ जानेवारी, आरतीकडे

बोललो. पाच मिनिटांचं दोनच मिनिटांत संपलं. पण काडेपेटीच्या मापाचं सांगितलं तेव्हा लोक ऐकत होते, कोणी मोबाईल पाहत नव्हतं. वाशीमकडचा एक म्हातारा नंतर आला, म्हणाला, “आमच्याकडं गाडग्याचं माप होतं.” बराच वेळ बसला होता. नाव विचारायचं राहून गेलं.

अकोल्याच्या थंड खोलीवाल्या साहेबांनी होकार दिला. फक्त बी आणा म्हणाले.

आरतीला सांगितलं. ती भाकरी करत होती. “चांगलं झालं,” म्हणाली. बऱ्याच दिवसांनी कोणी तसं म्हटलं.

२२ जानेवारी

शेंडे नाहीत.

अकराच्या अकरा खुडलेले. खाली पडून काळे पडले आहेत, कळ्यांसकट. पिशव्या घडी करून बांधावर दगडाखाली ठेवलेल्या. नीट, कोणीतरी घरचं काम केल्यासारख्या.

मग शकुनच्या तुकड्यात गेलो. ती मिरच्या तोडत होती.

ती म्हणाली, “मी पिशव्या बांधाले गेली तं शेंडेच नव्हते.”

म्हटलं, तुझ्याशिवाय माझ्या रानात येतं कोण?

“मले काय मालूम.”

फोन का नाही केला?

“गाडीत असतानी सांगतलं असतं तं तुमी गाडीतच मेले असते.”

मी म्हटलं, तुझ्या हाताला सवय आहे, झालं असेल चुकून, पण कबूल तरी कर. ती मिरच्या तोडत राहिली. मग मी नको ते बोललो – म्हटलं, किसनरावनं काही दिलं का तुला? पलीकडच्या शेतातली माणसं वर बघायला लागली.

तिनं टोपली उचलली. “बरं भाऊजी,” एवढंच म्हणाली.

२४ जानेवारी

शकुन आली नाही.

२७ जानेवारी

किसनराव वाटेत भेटला. टोमणा मारील वाटलं होतं. म्हणाला, “नत्थूभाऊ, मी मस्करी करतो, पण कोणाच्या झाडाले हात नाई लावत. अन् ते बाई बी नाई लावत.” आणि निघून गेला.

पौर्णिमाबाईंना फोन केला नाही. नंबर काढतो, परत ठेवतो.

३० जानेवारी

दोन दिवसांत कोणाशी बोललो नाही. दूधवाल्याला “अर्धा” म्हटलं, तेवढंच.

३ फेब्रुवारी

खुडलेल्या झाडांच्या पानांच्या बगलेतून फुटवे निघाले आहेत. हे मला ठाऊक असायला हवं होतं. शेंडा गेला की झाड बाजूनं फुटतं. पानासाठी लावणारे तेही मोडतात. ठेवले तर त्यालाही फूल येतं. बोंड बारीक येतं, पण बी धरतं. हे लीलाबाई सांगायची. मी ऐकलं न ऐकलं करायचो.

हिशेब मांडला. फुलाला तीन आठवडे, बोंड पिकायला चार. म्हणजे मार्चअखेर, अगदी काठावर. ऊन लवकर तापलं तर नाही. एक काडेपेटी भरेल? अर्धी?

शकुनला विचारलं असतं. तिला अंदाज आहे. पण कोणत्या तोंडानं? चूक तिची, आणि जड मला जातं – हे असं का, कळत नाही.

८ फेब्रुवारी

फुटव्यांना पाणी दिलं. पिशव्या धुवून ठेवल्या. बांधापलीकडे शकुन दिसली. मी खोकलो. तिनं पाहिलं नाही.

१० फेब्रुवारी

आज एक वेडंवाकडं झालं. तिसऱ्या झाडाजवळ उभा होतो. पौर्णिमाबाईंना फोनवर काय सांगायचं ते मनात जुळवत होतो. कट् असा आवाज आला. खाली पाहिलं तर फुटवा माझ्या हातात होता. मीच मोडला होता. मोडल्यावर कळलं. शेजारच्या झाडाचाही गेला होता – तो कधी मोडला ते तर आठवतच नाही.

अंगठ्याला चीक लागला आहे. साबणानं निघत नाही. सुकून तपकिरी झाला.

घरी आलो तरी त्या अंगठ्याकडेच बघतो आहे.

११ फेब्रुवारी

वीस जानेवारीचं पान काढून पाहिलं. कोपऱ्यात अंगठा उठला आहे. तपकिरी. तिळगुळाचा डाग असा होत नाही. हुंगून पाहिला.

अकराही शेंडे मीच खुडले. पिशव्यांची घडीही माझीच असणार.

शकुनकडे निघालो आहे. रजिस्टर सोबत नेतो. माझ्या तोंडून शब्द फुटले नाहीत तर हे पान उघडून तिच्यापुढे धरीन. तिला वाचता येत नाही. हा डाग ती ओळखेल.