मल्लीश्वरीचं शून्य

मदनपल्ली, गुरुवार

प्रिय नान्ना,

जिला स्वतःची चूक दिसत नाही, तिने दुसऱ्यांना शिकवावं का?

काळजी करू नका, मी बरी आहे. अम्माची गोंगुऱ्याची चटणी अजून पुरतेय. तुमचा खोकला थांबला का?

शनिवारच्या परीक्षेत ‘क्ष² = ५क्ष’ हे समीकरण होतं. मी दोन्ही बाजूंना क्षने भागून पाच हे उत्तर काढून ठेवलं होतं. मल्लीश्वरीने पाच आणि शून्य अशी दोन उत्तरं लिहिली, म्हणून मी गुण कापले. आमच्या या निवासी शाळेत गुण घसरले की तुकडी बदलते, राहायची खोलीसुद्धा. सोमवारी ती डोक्यावर ट्रंक घेऊन शेवटच्या तुकडीत निघाली.

“टीचर, शून्य घालून तर बघा,” ती म्हणाली.

“शहाणपणा पुरे!” मी म्हणाले.

काल घालून पाहिलं. दोन्ही बाजू शून्य! क्षने भागताना ते उत्तर मीच घालवलं होतं. गल्लीभर ‘आमची डिग्रीवाली’ म्हणून मिरवता ना, ती ही!

मुख्याध्यापकांना सांगितलं, तर म्हणाले, “गप्प बसा हो टीचर. अजून कायम झाला नाहीत. एकीला परत आणलंत, तर उद्या सगळे पेपर घेऊन दारात उभे राहतील.”

अम्माला एवढ्यात सांगू नका. आज प्रार्थनेला मी सगळ्यांसमोर माझी चूक सांगितली, आणि मल्लीश्वरीची ट्रंक स्वतः उचलून पहिल्या तुकडीच्या खोलीत नेऊन ठेवली.

तुमचीच लेक,
सुवर्चला