सोमवारचा डोंगर

३ सप्टेंबर

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र परवा पोचलं. गाद्या उन्हात घातल्या, छपराचा पत्रा बदलला, बटाटे महागले, आणि त्याच ओळीत, नोव्हेंबरअखेर विश्रामघराला कुलूप लावून मुलाकडे शहरात राहायला जाते! मोठी बातमी बटाट्यांच्या पिशवीत दडवायची तुझी खोड लहानपणापासूनची. तुझ्या वहिनीला पत्र वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, जिला जायचंय ती छपराचा पत्रा कशाला बदलेल? याचं उत्तर तूच कळव.

डोंगराखालून बोगदा झाला आणि मोटारींनी तुझ्या दारावरून जाणं सोडलं, हे खरं. पण मोटारी गेल्या म्हणजे गिऱ्हाईक संपलं असं थोडंच आहे! दुसऱ्याच्या वळचणीला हवेचा पंप घेऊन उभा राहायचो तेव्हापासून मी एक शिकलोय. गिऱ्हाईक आपल्याशी काय बोलतं ते सोडून द्यायचं, आपसांत काय बोलतं ते ऐकायचं. परवा माझ्या सायकलच्या दुकानात एक जोडपं लांबच्या सफरीसाठी सायकलींना पिशव्या लावून घ्यायला आलं होतं. नवरा मला धबधबा कुठे, दरी कुठे, असे देखावे विचारत होता. बायको चाकाशी वाकून हळूच त्याला म्हणाली की धबधबा घाल चुलीत, मागून हॉर्न वाजणार नाही असा रस्ता विचार. माझे हात ब्रेक आवळत होते, कान तिकडे. तिथेच मला तुझा घाट आठवला.

तळ्याकाठून निघायचं, लाकडी पूल ओलांडला की जंगलातला जुना रस्ता वळत वळत थेट तुझ्या अंगणात. इतकी वर्षं चढतोय, आपल्या सायकलची चेन आणि पाखरं सोडून तिसरा आवाज नाही. मी हाताने नकाशा काढून दुकानाच्या भिंतीवर लावलाय. त्यात शेवटी तुझं घर, धुराड्यासकट. नोव्हेंबरपर्यंत माणसं पाठवत राहतो. खोल्या भरल्या तर राहा, नाही भरल्या तर तुझं सामान बांधायला मी स्वतः येईन.

पहिली तुकडी पुढच्या पंधरवड्यात. सूप दाट कर, चढाने माणसं गळून जातात.

माया घट्ट धरून असलेला,
तुझा दादा

२२ सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेली माणसं आली. आली म्हणजे पिठाच्या गिरणीतून काढल्यासारखी पांढरीफटक आली. दोघं नवराबायको शिक्षक, सोबत त्यांची मैत्रीण, दातांची डॉक्टर. शिक्षक सभ्य, आधी अंगणात धूळ झटकून आले. डॉक्टरीणबाईंनी तोंड धुतलं, दोन वाट्या सूप संपवलं आणि मग अगदी गोड आवाजात मला विचारलं की नकाशा काढणारे गृहस्थ कानाने बरे आहेत ना. घाटात त्यांना ओंडक्यांचे ट्रक लागले, एकामागे एक, प्रत्येक वळणावर हॉर्न आणि धुरळा. दुसऱ्या दिवशी सायकली बसच्या टपावर टाकून मंडळी परत गेली.

भांडी घासताना मी विचार करत होते की दादा खोटं तर लिहिणार नाही, मग झालं काय? आणि एकदम ट्यूब पेटली. पुलापलीकडची लाकडाची वखार सोमवारी बंद असते. आणि तुझं दुकान? तेही सोमवारीच. तू येतोस सोमवारी, तास-दोन तास बसतोस, जातोस सोमवारी. अरे दादा, तुला अख्खा डोंगर सोमवारचाच माहीत आहे! बाकीच्या वारी इथे काय चालतं ते तुझ्या स्वप्नातही नाही. आणि मीही शहाणी, तुझं पत्र वाचून खुशाल मान डोलावली. रोज ऐकून ऐकून ते ट्रक मला भिंतीवरच्या घड्याळासारखे झालेत, ऐकूच येत नाहीत.

मुलाने अठ्ठावीस नोव्हेंबरचा टेम्पो सांगून ठेवलाय. माझ्यासाठी खोलीला रंग देतोय. सूनबाईने कुठला रंग आवडेल म्हणून नमुन्याचे तुकडे पाठवले. पोरगा गुणी आहे हीच तर पंचाईत. वाईट असता तर तोंडावर नाही म्हटलं असतं. तुला म्हणून सांगते, मला जायचं नाही. पण रिकाम्या खोल्या झाडत बसायलाही मी राहणार नाही. हे होते तेव्हा दोघं मिळून पाहुण्यांची वाट बघायचो, त्याला कामधंदा म्हणायचे. एकटीने वाट बघितली की लोक आजार म्हणतात.

वहिनीला नमस्कार. तुझ्या कानांना आशीर्वाद द्यावासा वाटतो, पण मी लहान पडते.

तुझी लाडकी आणि तूर्तास रागावलेली,
चिंगी

२९ सप्टेंबर

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

चूक माझी, शंभर टक्के. नकाशा भिंतीवरून काढला. तुझी वहिनी पोट धरून हसली आणि म्हणाली, आमच्या संसारालाही तुम्ही सोमवारचेच हजर असता, ते कधी कळणार? या घरात माझं दुकानात चालतं तेवढंच चालतं.

मधल्या वारी स्वतः येऊन रस्ता बघावा, तर शटर खाली ओढायला माझा हात धजत नाही गं. उघड्यावर पंप मारलेला माणूस मी. म्हणून आता माझ्या कानांचा भरवसा सोड आणि तुझे वापर. बेकरीच्या गाडीवाल्याबरोबर बायकांची सायकल पाठवतोय. जुनीच आहे, पण गिअर इतके हलके बसवलेत की भिंतीवरही चढेल. कामाच्या वारी बाहेर पड आणि ट्रक टाळून वर येणारी दुसरी वाट शोध. जंगल एवढं मोठं, एकच रस्ता असेल असं मी मानत नाही.

सायकल चालवायची सोडून किती वर्षं झाली, हे रडगाणं लिहू नकोस. चालवायला मी शिकवलं होतं, पडायचीस ती स्वतःच्या अकलेने. चढावर माथ्याकडे बघू नकोस, पुढच्या चाकापुढची हातभर जागा बघ. दम लागला तर उतर आणि ढकल. ढकलणाऱ्याला कोणी हसत नाही, मी सोडून.

माझ्यावरचा राग ओसरला की कळव,
तुझा दादा

२० ऑक्टोबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आधी वाईट बातमी. पहिल्याच दिवशी मी बेकरीवाल्याच्या देखत त्याच्याच गाडीला धडकले. गाडीला काही नाही, पावांचा ट्रे आडवा झाला. सांडलेले पाव मीच घेतले, आठवडाभर तेच खाल्ले.

आता चांगली. पुलाअलीकडे वनखात्याची रोपवाटिका आहे ना, तिच्या कुंपणाच्या आतून एक कच्चा रस्ता निघतो. पाण्याची टाकी वर आहे म्हणून केलेला, आणि पुढे माझ्या मागच्या अंगणात निघतो. मी त्याने मंगळवारी गेले, गुरुवारी गेले, शनिवारी गेले. सोमवारी मुद्दाम गेले नाही. ट्रक पलीकडच्या कुशीवर राहतात, मधे डोंगराचं नाक येतं, आवाज तिथेच अडतो. खाली पानांचा थर, चाक फिरतं ते सुद्धा चप्पल काढून चालल्यासारखं. दोनदा ढकलली, खरं सांगते. तिसऱ्या खेपेला ओढ्यापाशी उतार लागला आणि मी ब्रेकच लावला नाही. या वयात! मोठ्याने ओरडले, आणि ऐकायला कोणी नाही म्हणून पुन्हा ओरडले.

पण ऐकायला होता. रोपवाटिकेचा मुकादम फावडं घेऊन धावत आला, त्याला वाटलं कोणी दरीत गेलं. मग तापला. त्याचं म्हणणं, लोक फाटक उघडं टाकतात, हरणं आत येतात आणि वर्षभराची रोपं एका दुपारी फस्त करतात. मी हुज्जत घातली नाही. त्याला म्हटलं, तुमचं फाटक ही माझी जबाबदारी. माझ्या दारात जो सायकल टेकवेल त्याला मी आधी विचारणार की फाटकाची कडी लावलीत का. नाही म्हणाला तर परत खाली जाऊन लावून यायची, मग चहा. मुकादम फावडं खांद्यावर टाकत म्हणाला की बाई, तुमच्यापेक्षा हरणं परवडली. पण हो म्हणाला. साहेबांची परवानगीही त्यानेच आणली.

आतापर्यंत एकालाच परत पाठवलं. पुलापाशी भेटला म्हणून मीच या वाटेला लावलेला, चांगला दांडगा वकील होता. तणतणत गेला, आला आणि तीन वाट्या सूप प्यायला. आता त्याच्या ओळखीची माणसं येताहेत. नवा नकाशा सोबत धाडते. चित्र वाईट आहे, वाट चांगली आहे.

मुलाला मात्र अजून काही सांगितलं नाही. फोनवर तो रंग वाळल्याचं सांगतो आणि मी त्याला बटाट्यांचे भाव सांगते.

तुझ्या आशीर्वादाची आणि नव्या ब्रेक-रबरांची गरज असलेली,
चिंगी

२ डिसेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

आईने तुम्हाला लिहायला सांगितलं, कारण तिला वेळ नाही. हे वाक्य लिहितानाही मला हसू येतंय, त्या दिवशी येत नव्हतं.

अठ्ठावीसला टेम्पो घेऊन वर गेलो. भिंतीला सहा सायकली टेकलेल्या, दोरीवर मोजे वाळत घातलेले, आणि आई घरात नाही. कोणाचं तरी ओढ्यापाशी पंक्चर झालं होतं, ती पंप घेऊन गेली होती. परत आली ती सायकलवरून, केस विस्कटलेले, गाल लाल. मी अंगणात उभा होतो. तिने आधी मला विचारलं की फाटकाची कडी लावलीत का. मग ओळखलं.

मी चिडलो, मामा. खोटं कशाला सांगू? म्हटलं, मला आधी का सांगितलं नाहीस, मी रंग दिला, पडदे घेतले. तिने सायकल भिंतीला टेकवली. मग म्हणाली की तुझ्या रंगाचं ऐकून नाही म्हणायची हिंमत झाली नाही, आणि सायकलवर बसल्यावर हो म्हणायची. जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत इकडे कोणी येत नाही, तेव्हा तुझ्याकडे येईन, खोली मोडू नकोस. मग माझ्यासमोर ताट ठेवलं आणि जेवेपर्यंत हलली नाही. खोल्या सगळ्या भरलेल्या. मी टेम्पोत झोपलो, तिच्या सामानासाठी आणलेल्या गोधड्या पांघरून.

सकाळी टेम्पो रिकामा नेणं जिवावर आलं होतं. तीन पाहुण्यांचे गुडघे धरले होते, त्यांना उतारही नको होता. त्यांच्या सायकली मागे बांधल्या, पाहुण्यांतल्या एक बाई पुढे माझ्याशेजारी बसल्या. वाटेत त्या म्हणाल्या की जागा फार छान आहे, पुढच्या महिन्यात भावंडांना घेऊन असेच येऊन थडकू. मी गिअर बदलता बदलता बोलून गेलो की आधी कळवून या, आईकडे आयत्या वेळी जागा मिळत नाही.

मामींना नमस्कार. मला ओरडायचं असेल तर पत्रातूनच ओरडा, फोनवर तुमची सूनबाई ऐकते.

तुमचा, रागावला तरी तुमचाच,
भाचा